कोरं म्हणजे नाही

त्या बुधवारी सकाळी कतारमधल्या मुऐदरच्या त्या कंपाउंडमध्ये घरोघरी अमेरिका चालू होती. तिथला नवा अध्यक्ष कोण, यावर समोरच्या मल्याळी अंकलपासून पाण्याचे कॅन टाकणाऱ्या नेपाळी भाऊपर्यंत प्रत्येकाचं मत तयार होतं. आणि नीता सबनीस? तिला त्या अध्यक्षाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. कोणी का होईना, ज्याचं त्याला लखलाभ! तिचा जीव टांगणीला लागला होता तो भलतीकडेच, भर समुद्रातल्या हवाईत, मतपत्रिकेवरच्या एका प्रश्नापायी.

भिंतीपलीकडची नफिसा विरजणाला दही न्यायला आली, तर नीता आयपॅडला नाक लावून बसलेली.

"काय ओ ताई, कोण जिंकतोय?"

"अजून मोजणी सुरूच नाही झाली गं."

"अशी कशी? टीव्हीवर तर अर्धी झाली म्हणतात!"

नीता चपापली. "हो हो, ती झाली. मी आपली बारकाईने बघतेय."

"बघा बघा. इलियासपण पोर्टवर जाईपर्यंत हेच बघत होते," असं म्हणत नफिसा दही घेऊन गेली. रत्नागिरीची बाई, वीस वर्षांचा शेजार, इकडच्या वाटीचं तिकडे आणि तिकडच्या डब्याचं इकडे. तिचा नवरा इलियास आणि नीताचा नवरा गुरुप्रसाद दोघेही हमद पोर्टवर एकाच कंत्राटदाराकडे कामाला. सबनिसांची ईश्वरी शाळेत होती तेव्हा सात वर्षं इलियासच्याच गाडीतून जायची. आणि तरीही या बाईला नीताने गेली तीन वर्षं खरं सांगितलं नव्हतं. ईदला आणि दिवाळीला नफिसा न चुकता विचारायची, ईश्वरीचं जमलं का कुठे? आणि नीता न चुकता सांगायची, सध्या करिअर चाललंय तिचं. ही गोष्ट या देशात दाराबाहेर काढायची नाही, हे एक. आणि काढली तर लोक काय म्हणतील, हे दुसरं. खरं सांगायचं तर दुसरंच मोठं होतं.

ईश्वरी होनोलुलूला समुद्राच्या पाण्याचा अभ्यास करते. एकतीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिने व्हिडिओ कॉलवर आईबाबांना एकत्र बसवलं आणि सांगून टाकलं, माझं मलियावर प्रेम आहे, आम्ही एकत्र राहतो, पुढे लग्न करणार. मलिया तिथलीच, शाळेत विज्ञान शिकवणारी. नीता आठ दिवस रडली, चार दिवस भांडली, आणि तेराव्या दिवशी तिने स्वतःहून फोन करून विचारलं, ती पोरगी तिखट खाते का गं? विषय मिटला. आईचं असंच असतं.

गुरुप्रसाद मात्र सगळं ऐकून घेऊन म्हणाला होता, "तिकडे पाऊस आहे का?"

बस. तेवढंच. त्यानंतर तीन वर्षं या विषयावर त्या माणसाने तोंडातून चकार शब्द काढला नाही. रागावला नाही, ओरडला नाही, फोन तोडला नाही. ईश्वरीशी पाण्यावर बोलायचा, पगारावर बोलायचा, गाडीच्या टायरवर अर्धा तास बोलायचा. मलियाचं नाव निघालं की मूग गिळून गप्प. मनात काय आहे, याचा ताकास तूर लागू देईल तर शपथ! काल जेवताना नीताने मुद्दाम विषय काढला, "उद्या तिकडचा निकाल आहे हो." तर म्हणे, भात जरा मोकळा झालाय आज.

आणि आता लग्न ठरलं होतं. अकरा जानेवारी.

तिकडच्या प्रश्नाचं असं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी हवाईच्या राज्यघटनेत एक कलम घातलं गेलं होतं. लग्न फक्त बाई आणि पुरुष यांच्यातच, असं ठरवायचा अधिकार विधिमंडळाला आहे, असं ते कलम. पुढे कायदा बदलला, गेली अकरा वर्षं तिथे दोन बायकांची, दोन पुरुषांची लग्नं रीतसर होत होती. पण कलम आपलं घटनेत तसंच पडून. उद्या वारं फिरलं तर कोणीतरी त्याच्यावरची धूळ झटकून ते पुन्हा बाहेर काढायचा. म्हणून ते पुसूनच टाकावं का, असं आता लोकांना विचारलं होतं. शाळेत नागरिकशास्त्राच्या वीस मार्कांनी जिला घाम फोडला होता, त्या नीताला आता हवाईची घटना तोंडपाठ होती. गंमत अशी, की या घरातल्या एकालाही तिथे मत नव्हतं. ईश्वरी तिकडे व्हिसावर, हे दोघे इकडे व्हिसावर. मत एकट्या मलियाला. तरी देव पाण्यात घालून बसली होती ती नीता.

दोहात आठ वाजले, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात. मतदान संपायची वेळ. साडेआठला ईश्वरीचा फोन आला. मागे माणसांचा नुसता गलका.

"आई! इथे तीस जण जमलेत. टीव्ही लावलाय, पण आकडा नाही. रांगेतला शेवटचा माणूस मत देत नाही ना, तोवर पहिला आकडा सोडतच नाहीत इथे. आणि रांगा अजून आहेत!"

"असू देत, असू देत! रांगा म्हणजे आपलेच लोक असतील!"

"आई, पण ऐक ना. एक गडबड झाली." तिचा आवाज एकदम उतरला. "मलियाच्या आत्याने तो प्रश्न कोरा सोडला."

"म्हणजे?"

"म्हणजे हो पण नाही, नाही पण नाही. तिला वाटलं, चर्चवाल्यांना दुखवायला नको, मलियाला पण नको. मधलं बरं. आणि इथे नियम काय आहे माहितीये? घटनेत बदल करायचा तर जेवढ्यांनी मतपत्रिका टाकल्या त्यांच्या निम्म्याहून जास्त लोकांनी हो म्हणायला लागतं. कोरं मत असेल तर ते नाहीमध्ये जातं."

"कोरं म्हणजे नाही?"

"कोरं म्हणजे नाही. मलियाने हे सांगितल्यावर आत्या इतकी रडली, आई! म्हणाली, मी तर तुझ्या विरुद्ध काहीच केलं नाही. मलिया म्हणाली, काहीच केलं नाहीस तेच तर."

पुढे काय येणार हे नीताला आधीच कळलं होतं, आणि ते आलंच.

"आई, मी पण बाबांचं कोरं तीन वर्षं कोरंच धरलं. म्हटलं, बोलतील. आता नाही. मलियाच्या घरचे आज सगळे इथे आहेत. आमच्या बाजूने कोण येणार, पत्रिकेत कोणाचं नाव, ते विचारतायत. पहिला आकडा आला की मी सांगून टाकणार आहे की माझ्याकडून आई येईल, बाबा नाहीत. आणि मग मी हा विषय बाबांपाशी परत कधीच काढणार नाही. खलास."

"अगं पण..."

"रागावून नाही म्हणत, आई. थकून म्हणतेय."

फोन बंद. नीताने सरळ नवऱ्याला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. चौथ्यांदा त्याने उचलला आणि हळू आवाजात म्हणाला, "नीता, क्लायंटबरोबर मीटिंग आहे," आणि ठेवून दिला. त्यानंतर फोन बंदच.

"ठेवा! ठेवा फोन!" नीता भिंतीकडे बघून ओरडली. "तेवढंच येतं तुम्हाला!"

आता दुसरी एखादी बाई असती तर डोळ्याला पदर लावून बसली असती. नीताने गॅस बंद केला, पायात सँडल सरकवली, गाडीची किल्ली उचलली आणि निघाली. फोनवर हा माणूस मुकाच राहणार, हे ती तेहेतीस वर्षांच्या अनुभवाने जाणून होती. समोर जाऊन उभं राहिलं तरच काही आशा. मुऐदर ते हमद पोर्ट म्हणजे पाऊण तासाचा रस्ता. एवढ्या लांब ती एकटी कधी गेली नव्हती. भाजीमार्केट, लुलूचं सुपरमार्केट आणि फार तर द पर्लला मैत्रिणीकडे, एवढीच तिची मजल. कंपाउंडच्या फाटकाशी नफिसाने हात केला, "अवो, कुठे निघालात?" तर हिने काचेतूनच ओरडून सांगितलं, "पोर्टवर!" नफिसा परत द्यायला आणलेली रिकामी वाटी हातात धरून बघतच राहिली.

ऑर्बिटल रस्त्याला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या दोन्ही बाजूंना ट्रेलर आहेत. लहानसहान नव्हे, कंटेनर लादलेले, चाकं तिच्या खिडकीच्या उंचीची. एरवी तिची बोबडी वळली असती. आज तिने हॉर्न वाजवला. "सरक रे बाबा, यल्ला! माझ्या मुलीचं लग्न आहे!" काचा बंद होत्या, ऐकणार कोण? पण ते वाक्य तोंडातून निघालं आणि तिला एकदम हुरूप आला. माझ्या मुलीचं लग्न आहे! तिने ते परत म्हटलं, मोठ्याने. गंमत म्हणजे हसू येत होतं. तीन वर्षांत हे वाक्य तिने एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं. नफिसापाशीसुद्धा नाही. म्हणजे मी तरी कुठली शहाणी, तिच्या मनात आलं. ते घरात कोरे, मी दारात कोरी. तिने स्वतःला एक शिवी हासडली आणि पाय दाबला. रडारवाल्या कॅमेऱ्यापाशी मात्र भानावर येऊन वेग कमी केला.

पोर्टच्या फाटकाशी पासाशिवाय आत सोडत नाहीत. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चौकीतला केनियन गार्ड फार सभ्य. "मॅडम, पास?"

"नो पास. हजबंड. गुरुप्रसाद सबनीस. डॉक्युमेंट कंट्रोल. अर्जंट."

"मेडिकल इमर्जन्सी, मॅडम?"

नीताने क्षणभर विचार केला. "फॅमिली इमर्जन्सी."

गार्डने तिला चौकीच्या सावलीत खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वॉकीटॉकीवर निरोप दिला. निरोप कसा पोचला कोण जाणे, पण दहा मिनिटांत इलियासचा पिकअप धुरळा उडवत आला आणि त्यातून गुरुप्रसाद अक्षरशः उडी मारून उतरला. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं जाकीट, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? कोणाला काय झालं? ईशूला काही झालं?"

"काही नाही झालं. सगळे ठणठणीत आहेत."

"मग?" तो तिथेच कठड्यावर बसला. "अगं, मला वाटलं... नीता, मी क्लायंटसमोरून पळत आलो!"

"बरं झालं! कशासाठी का होईना, पळालात तर!" नीताचा बांध फुटला. "अहो, तीन वर्षं! तीन वर्षं ती पोरगी तुमच्या तोंडाकडे बघतेय. एक शब्द, एक! तुम्हाला मंजूर नाही तर नाही म्हणा ना सरळ. मी भांडेन तरी! हे काय नुसतं अळीमिळी गुपचिळी? आज ती सांगणार आहे सगळ्यांना, की माझे बाबा येणार नाहीत. पहिला आकडा आला की सांगणार. मग बसा आयुष्यभर टायरवर बोलत!"

इलियास पिकअपपाशीच थांबला होता. मराठी त्याला कळत होतं, पण नवराबायकोच्या भांडणात पडायचं नाही म्हणून बिचारा टायर तपासत राहिला. ट्रेलर एकामागून एक धडधडत जात होते, त्यात शब्द निम्मेच पोचत असणार.

गुरुप्रसादने हेल्मेट काढलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शुद्ध गोंधळ होता.

"येणार नाही? येणार नाही असं कोण म्हणालं?"

"तुम्ही!"

"मी? मी कधी म्हणालो? मी काही म्हणालो का?"

"नाही ना! तेच तर!"

"अगं मग!" तो उठून उभाच राहिला. "नाही म्हणालो नाही म्हणजे हो! एवढं साधं... मी काय काम करतो इथे? ड्रॉइंग पाठवलं, क्लायंटकडून चौदा दिवसांत शेरा आला नाही, की मंजूर धरायचं आणि काम सुरू करायचं. करारात लिहिलेलं असतं. तीन वर्षं झाली, माझा एक तरी शेरा आला का? एक हरकत? मौनं संमतिलक्षणम् हे काय मी आज काढलं? मला वाटलं, तुम्ही दोघी मंजूर धरून पुढे गेलात. लग्न ठरवलंत, तारीख काढलीत. मी म्हटलं, चला, मार्गी लागलं."

नीताला हसावं की रडावं की त्याच्याच हेल्मेटने त्याच्या टाळक्यात हाणावी, काही कळेना. तेहेतीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्या माणसाने पोटच्या पोरीचं लग्न चौदा दिवस उलटले म्हणून मंजूर केलं होतं! आणि कोणाला सांगितलंही नव्हतं!

"अहो, पण मग मलियाचं नाव निघालं की गप्प का व्हायचात?"

"मला काय बोलायचं ते सुचायचं नाही," तो हळूच म्हणाला. "चुकीचं काही बोलून बसलो तर? माझ्या बोलण्याने पोरगी दुखावली तर? त्यापेक्षा नको बोलायला."

"बरं. तर आता ऐका." नीताने त्याच्या पिवळ्या जाकिटाची बाही धरली. "तिच्या गावात तुमच्या करारासारखं नसतं. तिथे कोरं मत 'नाही' म्हणून धरतात. मलियाच्या आत्याचं कोरं 'नाही'मध्ये मोजलंय आज. आणि तुमचंही."

"कोरं 'नाही'मध्ये मोजतात? कोणत्या नियमाने?"

"घटनेच्या!"

गुरुप्रसादच्या तोंडचं पाणी पळालं. त्या माणसाला भावना उशिरा कळत, पण नियम ताबडतोब कळे. तीन वर्षांचे फोन त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावेत. तिचं "बाबा, मलिया हाय म्हणतेय," आणि त्याचं "तिकडे पेट्रोल काय भाव?"

एवढ्यात नीताचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला आणि फोनमधून एवढी किंकाळी आली की गार्ड चौकीतून डोकावला.

"आई! आला! पहिला आकडा आला! हो पुढे आहे!"

"पुढे म्हणजे? निम्म्याच्या वर का? कोरी धरून?"

"कोरी 'नाही'मध्ये धरूनसुद्धा वर! थोडंसंच वर आहे, जेमतेम, पण वर! अजून मोजायची आहेत, पण इथले म्हणतात आता खाली नाही यायचं. आई, लोक नाचतायत! आत्या परत रडतेय!"

"अगं बाई!" नीताने तिथेच दोन उड्या मारल्या. पन्नाशी उलटलेली बाई, पोर्टच्या फाटकात. गार्डला काय झालं ते कळलं नाही, पण त्याने आपला अंगठा वर केला. नीताला वाटलं, या माणसालाही मिठी मारावी.

मग ईश्वरीचा आवाज शांत झाला. "बरं, आई. ठेवते आता. सगळ्यांना सांगायचंय ना."

"थांब! थांब, ठेवू नकोस, हे घे!" आणि तिने फोन नवऱ्याच्या हातात कोंबला.

गुरुप्रसादने फोन धरला. ओठ हलले. तेवढ्यात शेजारून ट्रेलर गेला.

"हॅलो? आई? काही ऐकू येत नाहीये."

"हो," गुरुप्रसाद म्हणाला.

"कोण? बाबा? काय म्हणालात? आवाज येत नाही!"

"हो!" तो ओरडला. आयुष्यात ज्याने वेटरलाही मोठ्याने हाक मारली नव्हती, तो माणूस बेंबीच्या देठापासून ओरडला. "हो म्हणतोय मी! ईशू, हो! लग्नाला हो, मलियाला हो, अकरा जानेवारीला हो! मी येणार आहे! माझं कोरं नव्हतं गं, माझं पहिल्या दिवसापासून हो होतं, मी फक्त सांगितलं नाही. चूक झाली. माझी चूक झाली, बाळा."

पलीकडचा तो गलका, ते संगीत, सगळं बंद झाल्यासारखं. ईश्वरी बहुधा दुसऱ्या खोलीत गेली होती. मग तिचा बारीक आवाज आला.

"बाबा, खरं?"

"खरं."

"मग एक सांगा. तिथे कोणी विचारलं, तुमच्या मुलीचं काय, तर काय सांगणार? करिअर चाललंय?"

नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं पोरीने. हो म्हणणं सोपं, ते फोनवर, हजारो मैलांवर. इथे वीस वर्षं ज्यांच्यात राहिलो त्यांना काय सांगायचं? आणि इथे, असं नातं गुन्हा असलेल्या या मुलखात?

आणि देवाची करणी बघा! त्या ओरडण्यातलं "लग्न" आणि "अकरा जानेवारी" तेवढं इलियासच्या कानावर पडलं होतं. इतका वेळ टायर तपासणारा तो माणूस दोन्ही हात पसरून हसत हसत आला.

"काय भाऊ! ईश्वरीचं लग्न? आणि आम्हाला असं रस्त्यावर कळतंय? मुबारक, वहिनी, मुबारक! मुलगा काय करतो?"

नीताच्या ओठावर उत्तर तयारच होतं. तीन वर्षांची सवय. शिक्षक आहे, तिकडचाच आहे, असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायची. तिने तोंड उघडलं, तर गुरुप्रसादने हात वर करून तिला थांबवलं. फोन त्याच्या दुसऱ्या हातात होता, चालूच.

त्याने एकदा चौकीकडे बघितलं, आवाज खाली घेतला, पण शब्द स्वच्छ उच्चारले.

"मुलगा नाही, इलियास. मुलगी आहे. मलिया नाव तिचं. शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षं मला माहीत आहे, आणि तीन वर्षं मी तुला सांगितलं नाही."

इलियासचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. त्याने गुरुप्रसादकडे बघितलं, मग नीताकडे, मग आपल्या बुटांकडे. एक ट्रेलर गेला. दुसरा गेला. नीताला वाटलं, गेलं, वीस वर्षांचं शेजारपण इथे फाटकात संपलं.

"हे माझ्या डोक्यावरून जातंय, भाऊ," इलियास शेवटी म्हणाला. "खोटं नाही बोलत. मला हे नाही समजत. आणि इथे असं उघड्यावर नका बोलू, घरी बोलू." त्याने नाक ओढलं. "पण त्या पोरीला सात वर्षं मी शाळेत सोडलंय. रोज मागच्या सीटवर झोपायची, आणि शाळा आली की मी उठवायचो. तिचं केळवण दुसऱ्या कोणाच्या घरी झालेलं मला चालणार नाही. नफिसाला मी सांगतो. तारीख तेवढी आधी सांगा, मासे ताजे आणायला लागतात."

फोनमधून एकदम हुंदका आला, मोठा, लहान मुलासारखा. "इलियासकाका..."

"रडू नको गो बाय," इलियास फोनकडे वाकून म्हणाला आणि स्वतःच पाठ फिरवून डोळे पुसायला लागला.

नीता तर केव्हाची रडत होती, आणि हसतही होती, आणि गार्ड बिचारा टिश्यूचा डबा घेऊन तिच्यापाशी उभा होता.

"बाबा," ईश्वरी म्हणाली, "पत्रिकेचं प्रूफ तयार आहे. मराठीतून. तुमची जागा मी अजून रिकामी ठेवली होती. नाव घालू?"

"घाल. पूर्ण घाल. आणि घालून मला पाठव." गुरुप्रसादने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "आत्ता पाठव, ईशू. मी इथेच उभा आहे. वाचतो आणि लगेच उत्तर देतो."

"मीटिंग आहे ना तुमची?"

"असू दे," तो म्हणाला, आणि चष्मा पुसून फोनकडे बघत तिथेच फाटकात उभा राहिला.